एकांड्या वीराची दुसरी जागा

अगं, आधीच सांगून टाकते, गेम बंद कर म्हणायला मी आलेली नाही. ते काम मावशी रोज फोनवर करते, तिच्या पोटावर पाय कशाला आणू? मला तुझ्या त्या इफानबद्दलच बोलायचंय.

‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा, २०१७ सालचा गेम. त्यातल्या सगळ्यांमधून तू नेमका इफान बेन-मेझ्द उचललास. हातात क्रॉसबो, पाठीवर जुन्या पापाचं ओझं, सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या टोळीतला. तो तुला का भावला ते कळतं गं मला. आपण मुली जन्मल्यापासून कुणाच्या ना कुणाच्या पार्टीत, म्हणजे जथ्यात, असतो. याचं पथ्य बघ, त्याचा राग काढ, तिसऱ्याचा डबा भर. मग एक असा गडी भेटतो की ज्याला कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. त्यात तू नाशिकहून थेट तंजावरात येऊन पडलेली. वर्गाबाहेर तमिळ, मेसमध्ये तमिळ, सगळे हसले की आपणही अंदाजाने हसायचं. रात्री दार लावून इफानला घेऊन बसलीस तर त्यात वावगं काहीच नाही. फक्त परवा म्हणालीस ना, ‘ताई, मीपण तशीच, लोन वूल्फ’, ते मात्र मला ऐकून सोडवेना.

म्हणून तुझ्याच गेमचा हिशेब मांडू. साध्या पात्राला चाली करायला दर पाळीला ४ ॲक्शन पॉइंट. लोन वूल्फ नावाचं, एकट्याने लढणाऱ्यांसाठीचं टॅलेंट घेतलं की ६. वर जीव ३० टक्के जास्त, शस्त्रांसाठीचं आणि जादूसाठीचं, दोन्ही चिलखतं ६० टक्के जास्त. झक्कास! पण चौघांच्या पार्टीला एका फेरीत मिळतात १६, आणि तुला एकटीला ६. समोर पाच-सहा शत्रू असले तर त्यांच्या चाली तूच मोज. शिवाय चिलखत संपून एकदा आडवी झालीस की पाळी गेली, आणि तेवढ्या वेळात सगळे तुझ्यावरच तुटून पडणार, कारण मारायला दुसरं कुणी नाहीच. पार्टीतला एक पडला तर दुसरा रिझरेक्शन स्क्रोल काढून त्याला उभा करतो. तुला कोण उभं करतं? सेव्ह फाइल. एकांड्या वीराची सगळी ऐट त्या ‘लोड’च्या बटणावर उभी आहे बाई. तापाने फणफणून पडशील, प्रॅक्टिकल बुडेल, तेव्हा ते बटण कुठे शोधशील?

आता त्या टॅलेंटची अट पुन्हा नीट वाच. पार्टीत तुझ्याशिवाय जास्तीत जास्त एकच जण. म्हणजे एक चालतो! आणि त्या दुसऱ्यानेही लोन वूल्फ घेतलं तर त्यालाही ६. दोघांचे मिळून १२. गर्दी नको म्हणणाऱ्यांसाठीच हा नियम केलाय, तरी त्यात एक जागा मोकळी ठेवलीय. ती जागा तू रिकामी सोडतेस, एवढंच माझं तुझ्याशी भांडण आहे.

या तंजावरने असाच एक एकटा मुलगा पाहिलाय. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख तू पाहिलास ना, भोसल्यांच्या वंशकथेचा? तो १८०३ साली कोरवून घेणारे सरफोजीराजे. तंजावरच्या तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं तेव्हा ते जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी तुळजाजी वारले आणि गादी या मुलाकडे न येता अमरसिंहांकडे गेली. वाड्यात माणसं ढिगाने, पण पोराच्या बाजूने कोण? एक श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री. १७५० मध्ये डॅनिश मिशनतर्फे तरंगंबाडीला उतरलेला, तमिळ शिकलेला. त्याने या मुलाच्या शिक्षणाचा आणि हक्काचा विषय कंपनी सरकारपुढे लावून धरला. १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं, तिथे शिक्षण झालं. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत गेला. जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले, आणि पुढे सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशीची पुस्तकं आणून भरली.

कंपनीने या गादीचा मोबदला म्हणून राज्यकारभार काढून घेतला, ती गोष्ट वेगळी. पण सरफोजी आणि श्वार्ट्झ या दोघांत सारखं काय होतं सांग? वय नाही, भाषा नाही, धर्म नाही. राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि तरी त्या पाद्र्याचं संगमरवरी स्मारक त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून घडवून घेतलं. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये ते आजही आहे. मरणाच्या बिछान्यावरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरून उभे सरफोजी.

सोबती निवडायचा तर हेच बघ. आपल्यासारखाच हवा, असा हट्ट धरू नकोस. तुझ्या गेममध्ये शत्रूला दोन चिलखतं असतात, एक शस्त्रांसाठी, एक जादूसाठी. दोघांच्या जोडीत एकाने बाण मारायचे आणि दुसऱ्याने आगीचे गोळे फेकायचे, तर दोन्ही चिलखतं अर्धवट शाबूत राहतात. एकाच चिलखतावर घाव घालणारा जोडीदार हवा. मग एक मागून बाण मारेना का आणि दुसरा पुढे होऊन परशू चालवेना का. स्वभाव निराळे असू देत, दोघींना फोडायचं काय आहे ते एक असलं म्हणजे झालं.

तुझी ती रूममेट, जिला मराठीचा म माहीत नाही आणि जिच्याशी तू दोन महिने ‘गुड मॉर्निंग’वर भागवलंस, तिचं आणि तुझं गणित एकाच पेपरात अडकलंय असं तूच म्हणालीस. घे, चिलखत एकच निघालं! तिला तुझ्या सगळ्या गोष्टी सांगायची गरज नाही. गळ्यात गळे घालायचे नाहीत, रोज सोबत जेवायचंही नाही. एकटं राहावंसं वाटणं हा काही आजार नव्हे. फक्त पडलीस तर उठवायला एक जण हाताशी असू दे.

आणि सुरुवात कशी करू, असं विचारू नकोस. हा गेम एकाच स्क्रीनवर दोघांना खेळता येतो. आमच्याकडे दुसरा कंट्रोलर धूळ खात पडलाय, शनिवारी येऊन घेऊन जा. नवीन मोहीम काढा, दोघीही लोन वूल्फ घ्या. हरलात तर गणिताचा पेपर काढा, तोही दोघींनी.