धांवण्यावांचून व्यायाम आणि तालाची सोबत

‘व्यायाम म्हणजे धांवणें’ अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांचीहि समजूत असते. त्यामुळें ज्याचा गुडघा दुखतो, ज्यास लवकर दम लागतो, किंवा जो शर्यतींत नेहमीं शेवटीं येतो, तो मुलगा मैदानाच्या कडेस इतरांचे सदरे सांभाळीत बसतो. व्यायाम आपल्यासाठीं नव्हेच, असें त्याच्या मनानें एकदां घेतलें, म्हणजे तें मोठेपणींहि सुटत नाहीं. अशा मुलामुलींकरितां आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आपल्या निलंग्याच्या भूमीवर बारा महिने धांवणें सोपें नाहीं. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल पायांस चिकटतो. उन्हाळ्यांत तीच जमीन भेगाळते. शिवाय धांवतांना प्रत्येक पावलास शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर पडतो. झपाझप चालणें, सायकल, पोहणें, सूर्यनमस्कार यांत तो पुष्कळच कमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत सांगितली. तींत धांवण्याची अट घातलेली नाहीं.

मग एकट्यानें चालण्याचा कंटाळा येतो, त्यास उपाय काय? उपाय आवडत्या गाण्याचा. लेनर्ड आयर्स या अमेरिकन गृहस्थांनीं न्यूयॉर्क येथील सहा दिवसांच्या सायकल-शर्यतीचें निरीक्षण १९११ सालीं प्रसिद्ध केलें. वाद्यवृंद वाजत असतां स्वारांचा वेग ताशीं सुमारें १९.६ मैल होता. तो थांबला असतां १७.९ मैल. स्वार तेच, सायकली त्याच. संगीतानें अंगीं नवें बळ येत नाहीं. पाउलें व श्वास तालांत पडतात, आणि चित्त थकव्याकडून गाण्याकडे वळतें.

ही गोष्ट आपल्या लोकांस पूर्वींपासून ठाऊक आहे. आळंदीहून पंढरपूरचे सुमारें २५० किलोमीटर वारकरी टाळमृदंगाच्या सोबतीनें चालतात. पंचमीस मुली गाणीं म्हणत फेर धरितात, फुगडी घालतात. आणि लेझीम तर व्यायाम व वाद्य दोन्ही आहे! लांकडी दांडा, लोखंडी सांखळी व तींत चकत्या. हलगीच्या ठेक्यावर बसावें, उठावें, वळावें. हात थांबला कीं नादहि थांबला. म्हणून येथें ऐकणारा आळशी राहूं शकत नाहीं. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी व्यायाम जगास दाखविले, हेंहि विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

आतां कांहीं नियम सांगतों. पहिलें गाणें संथ असावें, मधलीं जलद, शेवटचें पुन्हां संथ. श्रम बेताचे आहेत कीं नाहींत, हें गाण्यानेंच पारखावें: व्यायाम करितां करितां बोलतां यावें, पण गातां येऊं नये. सहज गातां येत असेल, तर पाऊल उचला. बोलतांहि येत नसेल, तर मंद करा. वारकरी गात चालतात, कारण त्यांस दिवसभर चालावयाचें असतें. अर्ध्या तासाच्या व्यायामांत चाल त्याहून जलद हवी.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. संगीत थकवा विसरावयास लावितें, तो नाहींसा करीत नाहीं. सांध्यांत कळ आली किंवा भोंवळ आली, तर गाणें अर्धें टाकून थांबावें. रस्त्यावर दोन्ही कान झांकून चालूं नये. मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज गाण्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

पालकहो, ‘शर्यतींत कितवा आलास?’ हें विचारण्याऐवजीं ‘आज घाम आला का?’ असें मुलास विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, मैदानाच्या कडेस सदरे सांभाळीत बसलेला तुमचा सोबती दिसेल, तेव्हां त्याच्या हातीं लेझीम द्या. ताल धरावयास शर्यत जिंकावी लागत नाहीं.