नांगर का धरतो?

सेकंड इयरच्या ओरलला सरांनी विचारलं, "नांगर बोटीला कशामुळे धरून ठेवतो?" मी एकदम कॉन्फिडन्टली म्हणाले, "जड असतो म्हणून, सर." सर हसले, मार्क गेले.

खरं उत्तर दिवाळीत मामाकडून मिळालं. तो मर्चंट नेव्हीत आहे. सुट्टीत मित्रांबरोबर ४० फुटी शिडाची बोट भाड्याने घेऊन तो ग्रीसमध्ये कॉर्फूच्या दक्षिणेला पाक्सोस बेटावर गेला होता. बेट जेमतेम १० किलोमीटर लांब. पश्चिमेला चुनखडीचे उभे कडे, तिकडे थांबायची सोय नाही. उत्तर टोकाला लाक्का नावाची घोड्याच्या नालेसारखी खाडी आहे. पाणी नितळ, तळाला वाळू, पण तोंड उत्तरेला उघडं.

मामा म्हणाला, "अगं, उत्तर मराठीतच आहे. शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर, शब्द एकच!" कॉन्व्हेंटमध्ये प्लाउ वेगळा आणि अँकर वेगळा, म्हणून माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. नांगर तळात रुततो, म्हणून धरतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये भेटणारे जी. आय. टेलर यांनी १९३३ साली पेटंट घेतलेला सीक्यूआर नांगर तर दिसतोही फाळासारखा.

पण रुतायला ओढ आडवी हवी. वर ओढलं की तो उपटून येतो. म्हणून साखळी लांब सोडायची, खोलीच्या निदान पाचपट. खोली मोजायची ती बोटीच्या नाकापासून, हे बरेच जण विसरतात. पाणी ४ मीटर, नाक १ मीटर वर, म्हणजे ५. साखळी २५ मीटर. (मुंबईला भरती-ओहोटीत ४-५ मीटरचा फरक पडतो, तिथे भरतीची खोली धरायची. लाक्कात फरक अगदी थोडा.) वारा कमी असताना साखळी स्वतःच्या वजनाने झोळ खाते, तळाजवळ आडवीच राहते. ही आपली कॅटेनरी! वारा दुप्पट झाला की जोर चौपट, झोळ संपतो आणि साखळी ताठ. २५ मीटर साखळी ताठ झाली तरी तळाशी कोन साडेअकरा अंश. १२ मीटर असेल तर जवळपास २५ अंश.

आणि मामाने नेमकी १२ सोडली होती! ऑगस्टची गर्दी. पूर्ण साखळी सोडली तर बोट ३६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते, एवढी जागा कोण देणार? नांगर पडला तोही वाळूत नाही, समुद्री गवतावर. तिथे फाळ नुसता घसरतो, शिवाय गवत उपटलं जातं ते वेगळंच. रात्री दोनला वारा उत्तरेकडून आला. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेवले होते, ते हळूहळू वेगळे व्हायला लागले. साखळीवर हात ठेवला तर धडधड लागत होती, म्हणजे नांगर तळावरून फरफटत होता. मागची बोट दहा-बारा मीटरवर.

इंजिन चालू केलं, नांगर उचलला, खाडीच्या तोंडाकडे मोकळी वाळू शोधली, २५ मीटर सोडली आणि इंजिन हळू रिव्हर्समध्ये टाकून नांगर रुतवला. मग सगळे सकाळपर्यंत आळीपाळीने दिवे बघत बसले.