एरर नेमकी देतंय कोण?

सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आमच्या ग्रुपचा जावातला मिनी-प्रोजेक्ट होस्टेलवर मस्त चालत होता. पुस्तकं इश्यू होत होती, दंडाचा हिशोब बरोबर निघत होता. तयार क्लास फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, सकाळी लॅबच्या मशीनवर टाकल्या आणि पडद्यावर ओळीच्या ओळी आल्या. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असं काहीतरी, त्यात 61 आणि 52 हे दोन आकडे. एकजण म्हणाला व्हायरस आहे, दुसऱ्याने मशीन रीस्टार्ट केलं. खरं म्हणजे प्रोग्रॅमच्या लॉजिकमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. पण ‘जावा’ म्हणजे नक्की काय काय, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं. म्हणून हा लेख.

जावा हे भाषेचं नाव आहे, तसंच एका प्लॅटफॉर्मचंही. पहिल्या वर्षी आपण सी शिकतो. सीचा कंपायलर सहसा थेट त्या प्रोसेसरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची भाषा तयार करतो, त्यामुळे विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर तशीच चालत नाही. 1991 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी काम करत होते. तिथे तर प्रत्येक उपकरणात वेगळी चिप! तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. कंपायलरने एक सामाईक भाषा तयार करायची, ती म्हणजे बाइटकोड. आणि गावोगावी तिथली बोली जाणणारा एकेक दुभाष्या बसवायचा, तो म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन, अर्थात जेव्हीएम. 1995 मध्ये जावा जाहीर झाली ती याच कल्पनेवर. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली, पण रचना तीच राहिली.

आता ओरलला हमखास विचारली जाणारी तीन नावं. एकात एक बसणारे डबे डोळ्यांसमोर आणा. सर्वांत आतला डबा जेव्हीएम. त्याच्यासोबत स्ट्रिंग, अ‍ॅरेलिस्ट वगैरे तयार क्लासेसची लायब्ररी ठेवली की झाला जेआरई, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्यापुरतं सामान. त्यात कंपायलर, डीबगर इत्यादी हत्यारं घातली की जेडीके, म्हणजे प्रोग्रॅम बनवण्याचं सामान. 2018 च्या जावा 11 पासून ओरॅकलने वेगळा जेआरई देणं बंद केलं, म्हणून आता आपण सरळ जेडीकेच उतरवून घेतो.

आपण ‘रन’ बटण दाबतो तेव्हा खालील कामं होतात. आधी कंपायलर आपली फाइल वाचतो, टाइप जुळतात का पाहतो आणि बाइटकोडची क्लास फाइल बनवतो. मग जेव्हीएम सुरू होतं. त्यातला क्लास लोडर फाइल शोधून आणतो, व्हेरिफायर बाइटकोड नियमात आहे ना ते तपासतो आणि इंटरप्रिटर तो चालवू लागतो. जो भाग पुन्हा पुन्हा चालतो, त्याचं जस्ट-इन-टाइम कंपायलर त्या मशीनच्या भाषेत भाषांतर करून ठेवतो. म्हणून बराच वेळ चालणारा प्रोग्रॅम हळूहळू वेग पकडतो.

एवढं कळलं की एररची भीती निम्मी जाते, कारण प्रत्येक एरर देणारा वेगळा असतो. तो ओळखायचा कसा?

1. ‘जावासी ही कमांड ओळखता येत नाही’ : हे विंडोज बोलतंय. जावापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. जेडीकेमधला बिन फोल्डर पाथमध्ये घाला.

2. ‘सिम्बॉल सापडत नाही’ : हा कंपायलर. स्पेलिंग, इम्पोर्ट, व्हेरिएबल कुठे डिक्लेअर केलंय ते पाहा.

3. ‘मेन क्लास सापडला नाही’ : हा प्रोग्रॅम सुरू करून देणारा लाँचर. आपण चुकीच्या फोल्डरमध्ये आहोत, क्लासपाथ चुकलाय, किंवा क्लासच्या नावापुढे डॉट क्लास लिहिलंय. तिथे नुसतं नाव हवं.

4. ‘नल पॉइंटर’, ‘अ‍ॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’ : कंपायलरने पास केलेलं आहे, चालताना गडबड झाली. यात बहुधा आपलं लॉजिकच तपासायचं.

मग एक्लिप्स, नेटबीन्स कशाला? ही एकत्र मांडून ठेवलेली हत्यारांची पेटी आहे. (नेटबीन्सची सुरुवात 1996 मध्ये प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून झाली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं!) एक्लिप्स तर स्वतःचा वेगळा कंपायलर वापरतं, म्हणून टाइप करता करताच लाल खुणा दिसतात. सोय उत्तमच आहे, पण पेटीत काय आहे हे न बघता वापरलं की आमच्यासारखी फजिती होते.

तर त्या 61 आणि 52 चं काय? प्रत्येक क्लास फाइलमध्ये व्हर्जनचा आकडा लिहिलेला असतो. त्यातून 44 वजा करा. 61 म्हणजे जावा 17, हे होस्टेलवरच्या लॅपटॉपवरचं. 52 म्हणजे जावा 8, हे लॅबमधलं. नवं जेव्हीएम जुन्या क्लास फाइली वाचतं, जुनं जेव्हीएम नव्या वाचत नाही. सोर्स फाइली सोबत होत्या म्हणून वाचलो. लॅबमध्येच पुन्हा कंपाइल केलं. तेव्हा ‘वार’ नावाचा क्लास सापडत नाही, अशी तक्रार आली, कारण व्हेरिएबलसाठी ‘वार’ लिहिण्याची सोय 2018 च्या जावा 10 मध्ये आली. दोन ठिकाणी टाइप पूर्ण लिहिला आणि प्रोजेक्ट चालला. आदल्या रात्रीच कंपायलरला ‘रिलीज 8’ हा पर्याय दिला असता, तर हीच तक्रार होस्टेलवरच कळली असती.

तेव्हा एक करा. आज रात्री मेसवरून आलात की साध्या नोटपॅडमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहा. आधी जावासी, मग जावा, अशा दोन कमांड हाताने द्या. जावापी कमांड ‘सी’ पर्यायासह देऊन बाइटकोडही बघा. मुद्दाम एकेक चूक करा आणि कोण ओरडतंय ते ओळखा.

आणि एक्स्टर्नलनी विचारलं, ‘जावा प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट, मग जेव्हीएमही तसंच का?’, तर गडबडू नका. सांगा, ‘नाही सर. जेव्हीएम प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळं असतं, म्हणूनच आपला बाइटकोड वेगळा करावा लागत नाही.’