खोटं शून्य

डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे हादरे बसू लागले. नंतर धुंदलवाडीच्या बाजूच्या पाड्यांवर घरांची पाहणी निघाली आणि नोंदींचा डेटाबेस करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या टेबलात 'नुकसान' या रकान्याला नल, म्हणजे 'माहीत नाही' म्हणून रिकामी सोडलेली जागा, चालत होतं. पाहणी झाली नाही तर तिथं लिहिणार काय? पण काम देणाऱ्या संस्थेचे साहेब अडून बसले. "रिकामं दिसलं की वरून विचारणा होते. सगळे रकाने नॉट नल करा, डिफॉल्ट शून्य टाका." मी ईमेलने हरकत कळवली. उत्तर एका ओळीचं, सांगतो तसं करा. तो ईमेल मी अजून जपून ठेवलाय.

पुढे एका पाड्यावर गेलो. भिंतीत बोट जाईल एवढी भेग आणि लॅपटॉपवर त्याच घरासमोर नुकसान शून्य. आजी म्हणाली, "आमच्याकडं कोणी आलंच नाय." तारखेच्या रकान्यात 01-01-1900, तोही साहेबांचाच आग्रह. म्हणजे इंग्रजांच्या राज्यात पाहणी झाली आणि घर धड निघालं! पोराची जन्मतारीख माहीत नसली की शाळेत 1 जून लावून मोकळे होतात, तसलाच प्रकार. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "सिस्टीमच तसं दाखवतेय." सिस्टीमला हे शिकवलं कोणी, ते मात्र सोयीस्कर विसरले.

नल असावं की नसावं, हा वाद जुनाच आहे. रिलेशनल मॉडेल मांडणारे कॉड नलच्या बाजूने, त्यांचे सहकारी ख्रिस डेट विरोधात. माझ्यापुरतं सांगतो. घर क्रमांक, गाव, पाडा यांना नल अजिबात नको. पाहणीचं टेबल वेगळं ठेवा. पाहणी झाली तरच त्यात ओळ पडेल. लेफ्ट जॉइन केला की न पाहिलेल्या घरांपुढे नल येतंच, पण तेव्हा ती कामाची यादी असते.

खोट्या शून्याने हिशेबही बिघडतो. सरासरी काढताना एसक्यूएल नल वगळतं, शून्य मात्र धरतं. न पाहिलेली घरं सरासरी खाली ओढतात आणि कागदावर तालुका सुखरूप! नल ठेवलंत तर 'नॉट इन'पासून सावध राहा. आतल्या क्वेरीत एक जरी नल आलं तरी उत्तरात एकही ओळ येत नाही, एररही नाही. तिथं 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा. चेक कन्स्ट्रेंटही नलला अडवत नाही. सगळं लेखी घ्या, हे वेगळं सांगायला नको.

आणि अहवालात 'नुकसान नाही' आणि 'पाहणी बाकी' हे दोन आकडे शेजारीशेजारी छापा. साहेब दुसरा खोडायला सांगतील. खोडू नका.