तराजूची साक्ष

प्रयोगशाळेंत एकच वस्तु तीन वेळां तोलली, तर तीन आंकडे थोडे निरनिराळे येतात. मग आपल्यापैकीं पुष्कळांस मोह होतो कीं, न जुळणारा आंकडा खोडून टाकावा व वही स्वच्छ दिसूं द्यावी. हा मोह किती घातक आहे, हें समजण्यासाठीं आपण इंग्लंडांतील एक खरी हकीकत पाहूं.

१८९२ सालीं लॉर्ड रॅले यांस दोन रीतींनीं मिळविलेल्या नत्रवायूच्या वजनांत अल्प फरक आढळला. त्यांनीं तो लपविला नाहीं. 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध करून त्याचें कारण विचारलें. पुढें त्यांनीं कांचेचा एकच गोळा पुनःपुन्हां भरून तोलला. हवेंतून प्राणवायु वगैरे काढून उरलेला नत्रवायु भरतां त्याचें वजन सुमारें २.३१० ग्रॅम झालें. रासायनिक संयुगांपासून काढलेल्या नत्रवायूचें सुमारें २.२९९ ग्रॅम. फरक अवघा ११ मिलिग्रॅम!

ही हातची चूक म्हणावी काय? पहिल्या समूहांतील वजनें आपसांत एका मिलिग्रॅमच्या आंत जुळत होतीं, दुसऱ्यांतील चार मिलिग्रॅमच्या आंत. दोन समूहांमधील अंतर मात्र अकरांचें. एवढें अंतर हातच्या चुकीनें पडणें शक्य नव्हतें, असें विश्वासानें म्हणतां आलें. अखेर १८९४ सालीं रॅले व विल्यम रॅम्झे यांनीं उलगडा केला: हवेंत शेंकडा एकाहून किंचित् कमी असा एक अज्ञात, जड वायु होता. तोच आर्गन. १९०४ सालीं दोघांसहि नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्याजोगी आहे. ज्या समूहाचे आंकडे अधिक जुळत होते, तोच शुद्ध नत्रवायूचा नव्हता! आंकडे परस्परांशीं जुळले, एवढ्यानें ते खरे ठरत नाहींत. एकच चूक दर वेळीं सारखी होत असेल, तर तीहि जुळते. ती उघडकीस आणण्यास निराळ्या वाटेनें पडताळा घ्यावा लागतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, न जुळणारा आंकडा आपण खोडूं नये. त्याच्या शेजारीं आणखी एक मापन लिहावें, व आपली चूक साधारण किती होते हेंहि प्रामाणिकपणें नमूद करावें. रॅले यांनीं ते अकरा मिलिग्रॅम खोडले असते, तर आर्गन त्यांच्या हातून निसटला असता.