रमाबाई रानडे आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न

१८७३ साली विवाह झाला तेव्हा अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकविले; घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष मात्र रमाबाईंनाच सोसावा लागला. १९०१ मध्ये त्यांना वैधव्य आले. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू केले. तेथून शिक्षिका व परिचारिका तयार होऊ लागल्या. परिचारिकेचे काम घरंदाज स्त्रीने पत्करणे त्या काळी सोपे नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

खरी कसोटी १९२० च्या सुमारास लागली. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले होते. (शहागंजसह सारे औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तेथील मुली या कायद्याच्या कक्षेबाहेरच होत्या.) पैशाच्या अडचणीस्तव सक्ती तूर्त मुलांपुरतीच ठेवावी, असे पुण्यातील वजनदार पुढाऱ्यांचे म्हणणे होते. काटकसरीचा पहिला बळी मुलीच का, हा प्रश्न अर्थातच उरत होता. रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्यातील स्त्रिया मिरवणुकीने रस्त्यावर आल्या. पुढे १९२१ मध्ये मुंबई विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला. त्या चळवळीतही रमाबाई अग्रभागी होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.