जर्मनीला निघालेल्या मुलाच्या फोनमध्ये काय असावं?

प्रश्न : मुलगा एम.एस.साठी जर्मनीला चाललाय. कोणती ॲप्स उपयोगी पडतील?
– एक पालक, नाशिक

उत्तर : निघण्याआधी घरच्या वायफायवरच गुगल ट्रान्सलेटमध्ये जर्मन भाषा आणि गुगल मॅप्समध्ये त्या शहराचा नकाशा डाउनलोड करून ठेवा, मग नेट नसतानाही अडणार नाही. औषधाच्या खोक्यावर ट्रान्सलेटचा कॅमेरा धरला की मजकूर इंग्रजीत वाचता येतो. रेल्वेसाठी ‘डीबी नेव्हिगेटर’ हवंच. गाडीचा उशीर, बदललेला फलाट त्यात लगेच कळतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं पत्र आठवणीनं घ्यायला सांगा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्याचं नाव नोंदवा. रुग्णवाहिकेसाठी ११२, पोलिसांसाठी ११० हे क्रमांक मात्र त्याला तोंडपाठच हवेत.